जांभळ्या महालाच्या लेकी

भामरागड,
२६ जुलै २०२४

ती. केसरताईस,
धाकट्या ललिताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पाहून हसू नकोस. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून वाहतं आहे, टॉवर बंद पडला आहे आणि माझा फोन सध्या फक्त आरशाच्या कामाचा. रस्ता मोकळा झाला की आरोग्य खात्याची गाडी आलापल्लीला जाईल, तिच्यासोबत हे पाकीट देईन. आश्रमशाळेत पोरी मजेत आहेत. माझा इतिहासाचा तास असला की सगळ्यांना हमखास झोप येते, तेवढी माझी तक्रार.

उन्हाळ्यात आले तेव्हा तू भांडी घासता घासता म्हणाली होतीस, की बाबांच्या नाटक कंपनीत तोंडाला रंग लावून लावून आयुष्य गेलं, आता एक तरी नाटक असं लिहून दे ज्यात म्हातारी बाई खाटेवर खोकत पडत नाही. ते मी लिहिलं, ताई. सोबत पाठवते आहे. नाव ‘जांभळ्या महालाच्या लेकी’.

गोष्ट आपल्याकडची नाही. हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वेकडच्या रोमन राज्याची आहे. त्यांची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, आज तिला इस्तंबूल म्हणतात. राजवाड्यात जांभळ्या दगडाने मढवलेली एक खोली होती आणि राणीचं बाळंतपण तिथेच व्हायचं. त्या खोलीत जन्मलेलं मूल म्हणजे अस्सल राजवंशाचं. तर एका बादशहाला तिथे तीन मुलीच झाल्या. थोरलीच्या तोंडावर देवीचे व्रण, ती मठात गेली. मधली झोई, धाकटी थिओडोरा. जावई आणला तर तो गादीवर बसेल, या धास्तीने बापाने दोघींना पन्नाशीपर्यंत बिनलग्नाच्या ठेवलं, आणि मरायला टेकल्यावर एका दिवसात नवरा शोधला. तोही दुसरीचा. त्याच्या बायकोला मठात ढकललं आणि याला मोकळा केला. आधी धाकटीला विचारलं. ती नाही म्हणाली. मग झोई हो म्हणाली.

झोईचा तो नवरा हमामात बुडून मेला. कुणी काय केलं याचा निकाल इतिहासाने दिलेला नाही, मीही नाटकात दिलेला नाही. त्याच दिवशी तिने दुसरा, तरुण नवरा केला. तो आजारी पडल्यावर दरबारातल्या खोजा कारभाऱ्याने आपला भाचा मायकेल तिच्या मांडीवर दत्तक दिला. गादीवर बसेपर्यंत तो तिला मालकीण म्हणायचा. बसल्यावर चारच महिन्यांत त्याने तिचे केस कापले आणि तिला बेटावरच्या मठात धाडून दिलं. तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. इथून खरं नाटक सुरू होतं, ते तू वाच.

एक मात्र सांगून ठेवते. झोईनेही पूर्वी धाकट्या बहिणीला मठात पाठवलं होतं. तू मला भामरागडला पाठवलेलं नाहीस, शासनाने पाठवलं आहे, म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

कंपनीत धनराजला आशीर्वाद, झिंगू मास्तरांना जयभीम. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
ललिता


वडसा,
१४ ऑगस्ट २०२४

चि. ललितास,
ताईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुह्यं पाकीट भिजून फुगून आलं. सातवीनंतर मले लिहायची सवय नाई, चुका दिसल्या तर लाल पेन काढू नको.

नाटक मी एका बैठकीत वाचलं. मग बुकिंग ऑफिसात सगळ्याईले बसवून मोठ्यानं वाचलं. झोई मठात बसून आरशाबिगर स्वतःचं तोंड चाचपते, तिथी झिंगू मास्तर उठून बाहेर गेले. पान खाऊन येतो म्हणे. मास्तर पान खात नाईत हे तुले माहीतच आहे. बाया स्टेजवर यायच्या आधी पंधरा-वीस वर्षं त्याईनंच राण्या केल्या, सतीसावित्री केल्या. मिशी आली पण राणीची चाल गेली नाई, असं बाबा म्हणत. ते म्हणाले, केसर, हा खोजा कारभारी मी करतो. दरबारात बाया आणि बाप्ये दोघंई त्याले आपला म्हणत नाईत, ते मले जमते.

धनराजले नाटक पसंत पडलं. एक नंबर आहे म्हणे. मालक तोच, मग हिशेब लावून राह्यला. म्हणे, ताई, झोई चौसष्टची काऊन? विशीची करू. नागपूरची एक हिरोईन हाती आहे, तिचे चार डान्स टाकू. नावई बदलू, ‘महाराणीचा नखरा’. मी विचारलं, मग मी काय करू? तर म्हणे, तू तिची आई हो, पहिल्या अंकात मरून जा, बाकीचा वेळ तुले आराम.

काकू गेल्यावर ज्या पोट्ट्याले मी मांडीवर घेऊन दूधभात भरवला, तो मले पहिल्या अंकात मारून राह्यला, ललिता! मले पहिले हसूच आलं. मग मी सांगितलं, की झोई मीच करीन आणि ती चौसष्टचीच राहीन. तो म्हणे, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, रातच्या थंडीत पब्लिक म्हातारी पाहायले येत नाई. मी म्हटलं, बाबू, पब्लिकमधल्या अर्ध्या जणी माह्याच वयाच्या राह्यतात. त्या काय तुह्यी हिरोईन पाहायले येतात?

विषय तिथीच राह्यला. अजून रागावला नाई तो, पण चहा अर्धा टाकून गेला.

एक सांग. थिओडोरा लग्नाले नाई काऊन म्हणाली? नाटकात तू तिले एकच वाक्य देलं. तुह्याकडं वाह्या भरून असतीन.

पाण्यात उतरू नको. जीव सांभाळ, आणि ताईवर लोभ ठेव.

तुह्यी,
केसर


भामरागड,
६ सप्टेंबर २०२४

ती. केसरताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोरींच्या गराड्यात वाचलं. पहिल्या अंकात मरण्याची गोष्ट त्यांना इतकी आवडली की आता कुणी गृहपाठ केला नाही की दुसरी तिला म्हणते, तू पहिल्या अंकात मर.

थिओडोराने नकार का दिला याची कारणं दोन सांगतात. कुणी म्हणतं, वर जवळच्या नात्यातला होता. कुणी म्हणतं, जिवंत बायकोला मठात टाकून आलेला नवरा तिला नको होता. मला दुसरं खरं वाटतं. मीही कुणाला काही कारण न सांगता स्थळं परत पाठवली आहेत.

ताई, एक जुनी गोष्ट बोलते. शेवटच्या आजारात बाबांनी पुतण्याला, धनराजला, जवळ बोलावून कंपनीच्या चाव्या दिल्या. तू तिथेच उशाशी गोळ्या काढत होतीस. पोरीच्या नावाने कंपनी चालत नाही, म्हणाले. ज्यांनी आपल्या दोघींना शिकवलं, तुला स्टेजवर उभं राहू दिलं म्हणून भावकीचे टोमणे खाल्ले, त्याच आपल्या बाबांनी, गुणवंतरावांनी, हे केलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. मी त्या फोटोकडे पाहिलं, तू मात्र पाण्याचा पेला पुढे केलास. त्या दिवशी तू बोलली नाहीस. आता बोलते आहेस, तर मागे सरकू नकोस.

नाटक मी तुला दिलेलं आहे, कंपनीला नाही. झोईचं वय बदलायचं नाही. आणि बायकांचा प्रवेश कुणालाही कापू देऊ नकोस. त्या शहरातल्या घरंदाज बायका कधी उंबऱ्याबाहेर दिसत नसत. झोईला नेल्याचं कळलं तशा बाया, म्हाताऱ्या, पोरीबाळी रस्त्यावर आल्या. आमची आई कुठे आहे, मालकीण कुठे आहे, असं ओरडत राजवाड्यावर गेल्या. हे मी रचलेलं नाही. दरबारातल्याच एका माणसाने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं आहे. मायकेलने घाबरून झोईला परत आणलं, मठातल्याच कपड्यांत सज्जातून लोकांना दाखवलं. लोक आणखीच भडकले. तिकडे दुसऱ्या लोकांनी थिओडोराला चर्चमधून ओढून बाहेर काढलं, अंगावर राजवस्त्रं चढवली. पुढे दोघी बहिणींनी एका दरबारात बसून राज्य केलं.

वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या सुकरीला मी हे सगळं सांगितलं. ती माडिया आदिवासी आहे, बोलते कमी. भात उतरवत तिने एवढंच विचारलं, की त्या धाकटीला यायचं होतं का? तिला विचारलं का कोणी? पुस्तकांत लिहिलं आहे की ती येत नव्हती, लोकांनी सुरा दाखवून तिला बाहेर आणलं.

काय होतं ते कळव. आठवण ठेवशीलच, हे वेगळं मागत नाही.

तुझी,
ललिता


वडसा,
१५ ऑक्टोबर २०२४

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद. सगळं एकदम सांगते, मधात रडू नको, मीई रडली नाई.

दसऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी मी भाजी आणायले गेली तर चौकातल्या खांबावर आपल्या कंपनीचं पोस्टर, ‘महाराणीचा नखरा’. हिरोईनचा एवढा मोठा फोटो. धनराजचा फोटो. बाबांचा फोटो, हार घातलेला. माह्यं नावच नाई. ना वर, ना खाली. दोन-दोनदा पाह्यलं.

ऑफिसात गेली तर सगळी मंडळी जमा होती आणि टेबलावर शाल-नारळ. धनराज उठून बोलाले लागला. म्हणे, ताईची तब्येत आताशा बरी राह्यत नाई, ताईनं कंपनीसाठी लय केलं, या सीझनपासून ताई घरी आराम करतीन, आपण त्याईचा सत्कार करू. टाळ्या झाल्या, ललिता. माह्यासंगं काम केलेल्या लोकाईनं टाळ्या वाजवल्या. त्याईचं चुकलं असं म्हणत नाई, त्याईले सीझन काढायचा आहे.

मी विचारलं, मले ताप आहे का? खोकला आहे का? काल दिवसभर मीच तालीम घेतली ना? धनराज जवळ येऊन हळूच म्हणाला, ताई, लोकाईसमोर नको. मी म्हटलं, सत्कार लोकाईसमोर चालते, मग हेई चालीन. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. माह्यी रंगाची पेटी उचलली आणि निघाली. दारात आली तर मागं चपलांचा आवाज. झिंगू मास्तर त्याईचं धोतर सावरत येऊन राह्यले होते. म्हणे, केसर, हळू चाल, माह्ये गुडघे तुह्यासारखे तरणे नाईत.

दसऱ्याले, धम्मचक्राच्या दिवशी, सकाळी विहारात वंदना केली आणि स्टेशन रोडवर एका खोलीवर पाटी टांगली. ‘केसर नाट्य मंडळ, वडसा’. पाटीवर बाप नाई, नवरा नाई. तुह्ये भाऊजी असते तर म्हणाले असते, आता मले कोण ओळखीन. पाटीखाली दिवसभर बसलो, मी आणि मास्तर. नाटक बुक कराले आलेले गावागावाचे मंडळवाले समोरून जात, नमस्कार करत आणि पुढच्या ऑफिसात चढत.

परवा एक बाई थांबली. गोंडपिपरीकडच्या गावची, रुखमा नावाची. त्याईच्या गावात यंदा मंडईच्या नाटकाचं बायाच्या बचत गटानं अंगावर घेतलं. तिनं उभ्या उभ्याच विचारलं, नाटकात म्हातारी आहे म्हणे, शेवटी मरते का? मी म्हटलं, नाई, गादीवर बसते. ती म्हणे, मग लिहा आमचं गाव. चोवीस नोव्हेंबर.

पहिलं बुकिंग झालं, चार-दोन कलाकारई आले. काल थिओडोरा करणारी पोरगी धनराजकडं गेली. तिचंई बरोबर आहे, तिथी पूर्ण सीझन आहे, माह्याकडं एक गाव.

ललिता, तू ये. तू कॉलेजात असताना बाबांनी तुले स्टेजवर उभी केली होती तेव्हा मागच्या खुर्चीपर्यंत आवाज गेला होता. लग्नासारखं यालेई नाई म्हणायचं असन तर म्हण. मी दुसरी शोधीन. पण प्रयोग होईन.

तुह्या उत्तराकडं डोळे लावून बसलेली,
केसर


भामरागड,
३ नोव्हेंबर २०२४

ती. केसरताईस,
सप्रेम जयभीम.

धनराजवर मी काही लिहीत नाही. लिहायला लागले तर कागद जळेल.

रजेचा अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, मी खरं सांगितलं, की राज्य करायला जाते आहे. त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. मी बावीस तारखेला पोचते. पाठांतर चालू आहे. कपडे वाळत घालताना बोलते, नदीवर बोलते. परवा पोरी माझ्या मागे उभ्या राहून सगळं पुढचं पुढचं म्हणत होत्या.

ताई, मला भीती वाटते. वर्गात चाळीस पोरींसमोर मी वाघ असते, पण तिथे मैदान असेल. शब्द गेले तर? काल सुकरीजवळ हे बोलले. तिने विचारलं, नको असेल तर नाही म्हणता येतं का? मी म्हटलं, येतं, ताईने तसं लिहिलंच आहे. मग ती म्हणाली, तर मग जा. मला विचारलं गेलं आहे आणि मी हो म्हणते आहे. थिओडोराला जे मिळालं नाही ते मला मिळालं.

एकच अट. मला जास्त दागिने घालू नकोस, मान दुखते.

येतेच आहे. तोवर धीर सोडू नकोस, म्हणजे मलाही सोडता येणार नाही.

तुझी,
ललिता


भामरागड,
२ डिसेंबर २०२४

ती. केसरताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले. पोरींनी दारातच प्रश्न विचारून भंडावलं. सगळ्यांत आधी सुकरीने विचारलं, शब्द गेले का? गेले, म्हटलं.

आता फोन लागतो, तरी पत्रच लिहिते, कारण त्या प्रयोगात तुला जे दिसलं नाही ते तुला नीट सांगायचं आहे. बायकांच्या प्रवेशाला तू आत मठाचे कपडे चढवत होतीस. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. शेजारच्या गावात त्याच दिवशी धनराजचं ‘महाराणीचा नखरा’ होतं, म्हणून पुरुषांची बाजू विरळ होती. बायकांची बाजू मात्र शालींनी, स्वेटरांनी, मांडीवरच्या लेकरांनी गच्च. आणि आपला तो जमाव कसला! एक खरी बाई आणि लुगडं नेसलेले तीन बाप्ये, त्यातल्या एकाचा पदर सारखा घसरतो आहे. मला वाटलं, आता लोक हसतील आणि सगळं संपेल.

त्यांनी आरोळी दिली, कुठे आहे आमची झोई? आणि पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, अवो, बेटावर नेली तिले, नावेत बसवून! आम्ही पाह्यलं ना आत्ता! आपल्या चौघांनाही पुढे काय करावं कळेना. मग दुसरी ओरडली, आणा तिले परत. तिसरी उभी राहिली. रुखमाबाई सगळ्यांना खाली बसवायला उठली होती, ती स्वतःच स्टेजच्या कडेला येऊन ओरडायला लागली, आणा, आणा. ताई, त्या मैदानातल्या सगळ्या बाया उभ्या होत्या. हजार वर्षांपूर्वीचं ते शहर मी पुस्तकांतून इतक्यांदा पाहिलं होतं, पण ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

त्यानंतर तू आलीस, कापलेल्या केसांची, काळ्या कपड्यांत, आणि काहीही न बोलता नुसती उभी राहिलीस. त्या टाळ्या तुझ्या वयाला होत्या असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. त्या तुझ्या उभं राहण्याला होत्या.

माझं मात्र व्हायचं ते झालंच. राजवस्त्रं घालून मला तुझ्यासमोर आणलं आणि माझे शब्द पार गेले. तू पुढे येऊन मिठी मारलीस. लोकांना वाटलं, बहिणी इतक्या वर्षांनी भेटल्या. तू माझ्या कानात म्हणालीस, पदर नीट घे, आणि बोल की वं पोट्टे. तेवढ्याने सगळं परत आलं.

माझी रजा संपली. थिओडोरा कोण करणार, हे तू सांगितलंच नाहीस. हसत होतीस तेव्हाच मला शंका आली होती.

रुखमाबाईंना माझा जयभीम कळव. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
ललिता


वडसा,
८ जानेवारी २०२५

चि. ललितास,
आशीर्वाद. दिवस पत्राले पुरत नाईत, असे दिवस आले आहेत.

रुखमाबाईच्या गावाहून बातमी पुढं गेली. माहेरवाशिणी सासरी गेल्या, तिथी सांगितलं. आता पुढचा महिनाभर एक दिवस खाली नाई. आणि तुह्यी थिओडोरा झिंगू मास्तर करून राह्यले! कारभारी दुसऱ्याले देला, मिशी काढली. पहिल्या दिवशी लुगडं नेसून आरशापुढं बसले तर किती तरी वेळ उठलेच नाईत. मी विचारलं, काय झालं? म्हणे, केसर, मले वाटलं होतं ही बाई मेली, ही तर इथीच होती. स्टेजवर ते आले की पोट्टे पहिले खिदळतात. मग ते मान वळवतात. मग कोणी खिदळत नाई.

आता दुसरी गोष्ट. धनराजची कंपनी मोडली. ती हिरोईन मधातच दुसऱ्या कंपनीत गेली, तिच्यामागं डान्सवाले गेले, मग बुकिंग गेलं. परवा तो माह्या खोलीवर आला. दाढी वाढली होती. पाटीखाली उभा राहून म्हणे, ताई, काही काम आहे का? आत ये म्हटलं तर आत आला नाई.

आमची मंडळी एका तोंडानं नाई म्हणून राह्यली. ज्याईनं टाळ्या वाजवल्या तेच आता माह्याकडं आहेत, आणि तेच जास्त ओरडून राह्यले, की वडशात त्याले कोणीच उभं करू नये. मले झोप नाई. तू नाटकात लिहिलं तसं तोंड फिरवता येत नाई, माह्यी झोई नरम पडते. तू काय म्हणतं?

तुह्या शब्दाची वाट पाह्यते.
केसर


भामरागड,
१६ जानेवारी २०२५

ती. केसरताईस,
सप्रेम जयभीम.

मी नाही म्हणते.

झोई नरमच होती, ती मायकेललाही माफ करेल अशी लोकांना धास्ती होती. थिओडोराच्या माणसांनी तेवढीही वाट पाहिली नाही. तो मठात जाऊन वेदीला बिलगला होता, तिथून त्याला ओढून काढलं आणि भर रस्त्यात त्याचे डोळे काढले. नाटकात मी त्याला झोईच्या पायाशी आणलं, तो दया भाकतो, ती न बोलता तोंड फिरवते आणि शिपाई त्याला नेतात. ते तोंड फिरवणं मी तुझ्यासाठीच लिहिलं होतं, ताई. तुला आयुष्यात ते एकदाही जमलेलं नाही.

मी कुणाचे डोळे काढायला सांगत नाही. वडशात त्याला कुणीच उभं करू नये, हेही मला पटत नाही. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी न्याय करू नये. पण तुला लोकांसमोर, धडधाकट असताना, आजारी ठरवून घरी बसवणारा तोच होता. कंपनीत घेतलास तर उद्या पाटीवर फोटो, परवा चाव्या. बाबांनी केलं तेच तू आपल्या हातांनी करशील.

कंपनी तुझी आहे. ठरव तूच. मी रागावले तरी तुझीच आहे, हे धरून चाल.

ललिता


वडसा,
३० जानेवारी २०२५

चि. ललितास,
ताईचे आशीर्वाद. तुह्यं पत्र मी झिंगू मास्तरले वाचून दाखवलं. ते म्हणे, पोरीचं खरं आहे. मीई म्हटलं, खरं आहे. तरी जे झालं ते ऐक.

मागच्या आठवड्यात मायकेल करणारा गडी तापानं आडवा झाला. गाडी भरून तयार, गाव लांब. धनराजले सगळ्याईचे पार्ट पाठ राह्यतात, लहानपणापासून त्याचं तसंच आहे. मी त्याले निरोप पाठवला. आला. मी सगळ्याईसमोर सांगितलं, काम आहे, पण एकच आहे. मायकेलचं. कंपनीत नाई, आजच्या प्रयोगापुरतं. मंडळी गालातल्या गालात हसून राह्यली. मले वाटलं, आता तो पाठ फिरवून जाईन. त्यानं कपडे मागितले.

त्यानं काम कसं केलं म्हणून सांगू! माह्ये केस कापायचा हुकूम देला तेव्हा बायाईनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. कोणी चप्पल फेकली. तो हलला नाई. दत्तक लेक गादीवर बसते तेव्हा थोडा हसते ना, ते हसू त्यानं असं हसलं की मले विंगेत काटा आला. हेच हसू मी ऑफिसात पाह्यलं होतं, शाल-नारळाच्या टेबलामागं.

शेवटचा प्रवेश आला. शिपायाईनं त्याले आणून माह्या पायाशी टाकलं. तू लिहिलं आहे, आई, मला वाचव. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, ताई, चुकलो. पब्लिकले काही समजलं नाई, त्याईले वाटलं तसंच आहे. पण आमच्या सगळ्याईले समजलं. झिंगू मास्तर बाजूच्या सिंहासनावर बसले होते, त्याईनं हातातला राजदंड मांडीवर आडवा ठेवला.

मले तोंड फिरवायचं होतं. तू लिहिलं तसं. मी फिरवूनई राह्यली होती. पण अर्ध्यावर थांबली. इतक्या वर्षांत मी स्टेजवर एक शब्द पदरचा बोलली नाई, तुले माहीत आहे. मी त्याच्याकडं पाह्यलं आणि म्हटलं, ऊठ. आधी जेवून घे. पण राज्य मी करीन.

शिपाई एकमेकाईकडं पाहून राह्यले, कारण पुढं डोळे काढायले न्यायचं आहे आणि हुकूम तर कोणी देलाच नाई. तेव्हा झिंगू मास्तर उठले. आपल्या थिओडोराच्या आवाजात, हळूच, पण मागच्या खुर्चीपर्यंत जाईन असं म्हणाले, डोळे राहू द्या याचे. दोघी बहिणीचं राज्य याले पाहायचं आहे.

पडदा पडला तरी बाया उठल्या नाईत.

मग गावानं मंडळीले जेवाले बसवलं. धनराज पंगतीच्या टोकाले बसला, खाली मान घालून जेवला, ताट उचलून ठेवलं. जाताना माह्याजवळ येऊन उभा राह्यला, उद्याचा प्रयोग कुठी आहे म्हणून विचाराले. मी सांगितलं, मॅनेजर झिंगू मास्तर आहेत, त्याईले विचार, आणि ते नाई म्हणाले तर नाई. तो गेला विचाराले. मास्तर लुगडं सोडून राह्यले होते. त्याईनं त्याले लुगड्याचं टोक धराले देऊन तसंच उभं ठेवलं, पूर्ण घडी होईपर्यंत. मग हो म्हणाले.

चाव्या माह्या कमरेले आहेत. तू रागावशीन. इतिहासाची मास्तरीण म्हणून जास्तच रागावशीन, कारण त्या माणसाचे डोळे गेले होते आणि आम्ही ते ठेवले. पण माह्यं आणि मास्तरचं, दोन्ही वाक्यं नाटकात लिहून घे, आम्ही आता रोज तीच म्हणून राह्यलो.

उन्हाळ्यात ये. तुह्या रागासकट ये, जागा आहे.

तुह्यी ताई,
केसर